तोतयांची तालीम: मॉक ऑब्जेक्टचा पाव शतकाचा इतिहास

साडेचार रुपयांपासून सुरुवात करू या.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच जण एका ऑनलाइन दुकानाचं काम बघत होतो. पीएचपीमध्ये लिहिलेलं, ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीनं नीट क्लास पाडलेलं काम. ग्राहकानं ऑर्डर रद्द केली की त्याचे पैसे परत करायचे, तो भाग आम्ही नव्यानं लिहिला होता. त्याला युनिट टेस्ट होत्या, आणि सगळ्या हिरव्या होत्या. सोमवारी कोड लाइव्ह गेला आणि बुधवारी दुकानाच्या मालकांचा फोन आला: "अहो, त्या बाईंना साडेचारशे रुपये परत जायचे होते ना? त्यांच्या खात्यात साडेचार रुपये आलेत."

पेमेंट गेटवेला रक्कम पैशांत सांगायची असते. आम्ही रुपयांत सांगत होतो. पैसे भरून घेण्याच्या बाजूला शंभरानं गुणणारी ओळ होती, कारण तो भाग कोणीतरी प्रत्यक्ष कार्ड वापरून बघितला होता. परताव्याचा भाग मात्र फक्त टेस्टमधून बघितला गेला, आणि टेस्टमधला गेटवे खरा नव्हता. त्याच्या जागी आम्हीच उभा केलेला एक नकली गेटवे होता. त्याला आम्हीच पढवून ठेवलं होतं की ४५० हा आकडा आला की 'बरोबर' म्हणायचं. ४५० आले, तो 'बरोबर' म्हणाला.

या नकली ऑब्जेक्टला मॉक ऑब्जेक्ट म्हणतात. चूक आमची होती, गेटवेची नव्हती आणि मॉकचीही नव्हती. पण त्या आठवड्यानंतर आम्ही एक काम केलं, जे आधी करायला हवं होतं. हे मॉक आले कुठून, कोणी आणले, कशासाठी आणले, हे मागे जाऊन वाचायला लागलो. तेव्हा कळलं की ज्या मंडळींनी हे तंत्र काढलं त्यांच्यासमोरचा प्रश्न वेगळाच होता, आणि आम्ही जी चूक केली ती करू नका असं त्यांनी २००४ सालीच लिहून ठेवलं होतं. तो इतिहास आज आपण बघू.

आधी शब्दाचं बघू. 'मॉक'ला मराठीत काय म्हणावं? आमच्या टीममध्ये 'तोतया' रूढ झालं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला आणि त्यानं पेशवाईला चांगलाच घाम फोडला, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो तोतया लोकांना फसवायला निघाला होता. टेस्टमधला तोतया आपण स्वतः उभा करतो, आणि तो तोतया आहे हे आपल्याला माहीत असतं. (निदान असायला हवं.) त्याहून जवळचा दाखला नाटकाच्या तालमीचा आहे. एखादा नट तालमीला आला नाही की त्याची वाक्यं दुसरं कोणीतरी म्हणतं, त्याची 'प्रॉक्सी' देतं. प्रॉक्सी देणाऱ्याचा अभिनय कोणी बघत नाही. समोरच्या नटाला आपलं वाक्य कुठे घ्यायचं, कोणाला उद्देशून म्हणायचं, याची तालीम मिळावी म्हणून तो उभा असतो. हा तालमीचा दाखला लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

आता १९९० च्या दशकात जाऊ. केंट बेक हा अमेरिकन प्रोग्रामर स्मॉलटॉक भाषेत काम करत होता. प्रोग्राम तपासायचा म्हणजे तो चालवायचा आणि पडद्यावर काय दिसतंय ते डोळ्यांनी बघायचं, ही तोवरची सर्वसाधारण रीत. बेकनं स्मॉलटॉकसाठी एक लहानसं साधन लिहिलं. तपासणीसुद्धा कोडमध्येच लिहायची, आणि ती पास झाली की नापास ते यंत्रानंच सांगायचं. त्याचं नाव एसयुनिट. पुढे १९९७ मध्ये बेक आणि एरिक गामा हे दोघं झ्युरिकहून अटलांटाला ऊप्स्ला परिषदेसाठी विमानानं निघाले होते. वेळ घालवायला त्यांनी त्याच कल्पनेचं जावा रूप शेजारी शेजारी बसून लिहून काढलं. ते जेयुनिट. एका विमानप्रवासात सुरू झालेलं हे साधन पुढे जावाच्या जगात घराघरांत पोचलं, आणि त्याच्या नकला जवळजवळ प्रत्येक भाषेत झाल्या.

युनिट टेस्ट म्हणजे काय, तर प्रोग्रामचा एक लहान तुकडा वेगळा काढायचा, त्याला काहीतरी द्यायचं, आणि जे परत येतं ते अपेक्षेप्रमाणे आहे का ते ताडायचं. दोन आणि तीन दिले, पाच आले, पास. बेरजेसारख्या गोष्टीला हे फार छान लागू पडतं. पण ऑब्जेक्ट-ओरिएंटेड कोडमध्ये बेरजा करणारे ऑब्जेक्ट थोडे आणि दुसऱ्याला काम सांगणारे जास्त. आमचं परताव्याचंच उदाहरण घ्या. परतावा करणारा ऑब्जेक्ट काय करतो? ऑर्डर रद्द झाली का विचारतो, गेटवेला सांगतो 'इतके पैसे परत कर', मेल पाठवणाऱ्याला सांगतो 'ग्राहकाला कळव'. तो स्वतः काहीच परत देत नाही. मग ताडून बघायचं काय?

यावर त्या काळी सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे गेटर. गेटर म्हणजे ऑब्जेक्टच्या पोटातली माहिती बाहेर सांगणारी लहानशी मेथड. शेवटचा परतावा किती रुपयांचा झाला, हे पोटात साठवून ठेवायचं आणि टेस्टनं ते गेटरमधून काढून बघायचं. काम भागतं. पण मग प्रत्येक ऑब्जेक्टला केवळ टेस्टसाठी खिडक्या पाडाव्या लागतात, आणि खिडकी पाडली की तिच्यातून फक्त टेस्टच डोकावते असं नाही. बाकीचा कोडही डोकावायला लागतो. एकाच्या पोटातली व्यवस्था बदलली की दहा ठिकाणी मोडतोड होते. ऑब्जेक्टच्या पोटात हात घालू नये, त्याला काम सांगावं, हा विचार काही नवा नव्हता. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात १९८७ मध्ये 'लॉ ऑफ डिमिटर' म्हणून तो नियम मांडला गेला होता. फक्त टेस्ट लिहायला बसलं की तो नियम मोडावा लागायचा.

इथे लंडन येतं. १९९९ च्या सुमारास लंडनमध्ये एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगनं झपाटलेली मंडळी दर मंगळवारी भेटायची. त्यांच्यातले काही कनेक्स्ट्रा नावाच्या एका नव्या कंपनीत काम करत होते. तिथला तांत्रिक प्रमुख जॉन नोलन यानं आपल्या प्रोग्रामरना एक आव्हान दिलं: गेटर न वापरता कोड लिहून दाखवा. बस, एवढंच. आम्हाला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. मोठा सिद्धांत नाही, संशोधनाचा निधी नाही, वरिष्ठानं घातलेली एक अट. पण ही अट पाळून टेस्टही लिहायच्या म्हटल्यावर मंडळी अडकली, कारण डोकावायला खिडकीच उरली नाही.

यातून सुचलेली युक्ती अशी. ऑब्जेक्टच्या पोटात बघता येत नाही ना? मग तो ज्यांना काम सांगतो, त्यांच्या जागी आपला माणूस बसवा. परताव्याच्या ऑब्जेक्टच्या हाती खऱ्या गेटवेऐवजी आपला गेटवे द्या. हा आपला गेटवे पैसे हलवत नाही. आपल्याला कोणता निरोप आला, कोणत्या आकड्यासह आला, किती वेळा आला, एवढंच तो बघतो, आणि ठरल्यापेक्षा वेगळं काही आलं की तिथल्या तिथे टेस्ट नापास करतो. म्हणजे तपासणी ऑब्जेक्टच्या बाहेरून नाही, आतून चालली आहे. म्हणूनच टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी या तंत्रावर जो निबंध लिहिला, त्याच्या नावात 'एंडो-टेस्टिंग' हा शब्द घातला. एंडोस्कोपीतला जो 'एंडो', तोच. २००० साली इटलीतल्या सार्डिनिया बेटावर, काग्लिआरी गावी, एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगची परिषद भरली होती. तिथे हा निबंध वाचला गेला. 'एंडो-टेस्टिंग' हे नाव आज कोणाला आठवत नाही. शीर्षकाच्या उत्तरार्धात आलेलं 'मॉक ऑब्जेक्ट' मात्र राहिलं.

त्या निबंधाचा रोख नीट बघा. परिणाम तपासणं हा त्याचा अर्धाच भाग. मॉक वापरल्यानं मूळ कोड सुधारतो, हा उरलेला अर्धा भाग, आणि लेखकांना तोच जास्त महत्त्वाचा वाटत होता असं आमचं वाचन आहे. मॉक आत द्यायचा तर ऑब्जेक्टनं आपले सहकारी बाहेरून स्वीकारायला हवेत. कुठल्यातरी जागतिक कोपऱ्यातून स्वतः उचलून आणले तर मॉक घुसवताच येणार नाही. म्हणजे टेस्ट लिहिताना अडचण आली, तर ती अडचण तुमच्या रचनेविषयी काहीतरी सांगत असते.

सुरुवातीला हे मॉक हातानं लिहावे लागत. प्रत्येक सहकाऱ्यासाठी एक वेगळा क्लास, त्यात आलेले निरोप मोजायचे, ताडायचे. कंटाळवाणं काम. पण २००० मध्येच जावाच्या १.३ आवृत्तीत 'डायनॅमिक प्रॉक्सी' नावाची सोय आली. एखाद्या इंटरफेसचं सोंग घेणारा ऑब्जेक्ट प्रोग्राम चालू असतानाच तयार करता येऊ लागला. (आमच्या तालमीतली प्रॉक्सी आणि ही प्रॉक्सी, नावं जुळली हा निव्वळ योगायोग.) २००१ मध्ये जर्मनीच्या टॅमो फ्रीझनं याच सोयीवर ईझीमॉक बांधलं. लंडनच्या मंडळींनीही आपलं साधन पुनःपुन्हा मोडून लिहिलं, त्यातून जेमॉक आलं. २००४ मध्ये फ्रीमन, नॅट प्राइस, मॅकिनन आणि जो वॉल्न्स या चौघांनी व्हँकुव्हरच्या ऊप्स्ला परिषदेत दुसरा निबंध वाचला. त्याच्या शीर्षकाचा मराठीत आशय सांगायचा तर: मॉक करायचा तो भूमिकेचा, ऑब्जेक्टचा नव्हे.

इथे आपली तालीम पुन्हा आठवा. प्रॉक्सी देणारा माणूस अनुपस्थित नटाची नक्कल करत नाही. तो भूमिकेच्या जागी उभा असतो. लंडनच्या मंडळींचं म्हणणं असं की टेस्ट लिहिताना तुम्ही विचारा: या ऑब्जेक्टला आपलं काम पुरं करायला कोणत्या भूमिकेचा सहकारी लागतो? ती भूमिका, म्हणजे इंटरफेस, टेस्ट लिहितानाच सापडते. तिच्या जागी मॉक उभा करा, काम पुढे न्या, आणि ती भूमिका खरोखर कोण वठवणार ते नंतर ठरवा. त्याच निबंधात एक कलम आहे, ज्याच्यापाशी आम्ही वाचता वाचता थांबलो: जे प्रकार तुमच्या मालकीचे आहेत त्यांचेच मॉक करा. दुसऱ्यानं लिहिलेल्या लायब्ररीचा मॉक करू नका. तिचा इंटरफेस तुम्हाला बदलता येत नाही, त्यामुळे रचना सुधारण्याचा फायदा मिळत नाही, आणि ती खरी कशी वागते याबद्दलची तुमची समजूत चुकीची असू शकते. आमचा गेटवे, रुपये आणि पैसे, सगळं त्या दोन वाक्यांत आलं.

पण मग आमच्यासारख्या वेबवाल्यांनी नेमकं उलट का केलं? वेबसाठी लिहिलेला कोड असतो कसा, ते बघितलं की उत्तर मिळतं.

ब्राउझरकडून रिक्वेस्ट येते, सेशनमधून माणूस ओळखायचा, डेटाबेसमधून त्याच्या ऑर्डर काढायच्या, बाहेरच्या एखाद्या सेवेला विचारायचं, मेल पाठवायचा, पान तयार करून परत द्यायचं. यातलं जवळजवळ काहीच आपल्या हद्दीत नाही. त्यामुळे वेब प्रोग्रामर टेस्ट लिहायला बसला की त्याच्यापुढचा पहिला प्रश्न 'माझ्या ऑब्जेक्टचे सहकारी कोणते' हा नसतो. त्याचा प्रश्न असा: डेटाबेस चालू न करता ही टेस्ट पळवू कशी? प्रत्येक टेस्टला टेबलं भरायची, रिकामी करायची, हजार टेस्ट असल्या की चहा पिऊन यावा इतका वेळ. मॉक हा या दुखण्यावरचा रामबाण वाटला, आणि बऱ्याच अंशी तो होताही. गंमत म्हणजे खुद्द लंडनच्या मंडळींच्या सुरुवातीच्या लायब्ररीतच जावाच्या सर्व्हलेट आणि डेटाबेस इंटरफेसचे तयार मॉक दिलेले होते. नकली रिक्वेस्ट, नकली कनेक्शन. म्हणजे मालकीचे नसलेले प्रकार. २००४ चं ते कलम स्वतःच्या अनुभवातूनच आलं असावं, असं आम्हाला वाटतं. दुसऱ्याला शहाणपण सांगणारे बरेचदा आधी स्वतः ठेचकाळलेले असतात.

पीएचपीमध्ये ही गोष्ट आणखी रंगते. पीएचपी ४ च्या काळात डेटाबेसशी बोलायचं म्हणजे थेट मायएसक्यूएलची फंक्शन हाक मारून वापरायची. ती जागतिक फंक्शन, कोणत्याही ऑब्जेक्टची नाहीत, म्हणजे त्यांच्या जागी तोतया बसवायला जागाच नाही. अशा काळात मार्कस बेकरनं सिंपलटेस्ट लिहिलं, आणि त्यात मॉक पहिल्यापासून घरचे सदस्य होते. क्लासचं नाव द्या, सिंपलटेस्ट त्या क्लासच्या मेथड वाचून तोतया क्लासचा कोड मजकूर म्हणून तयार करायचं आणि जागच्या जागी चालवायचं. जुगाड म्हणा, पण जावावाल्यांना जे प्रॉक्सीनं जमलं ते इथे असं जमवलं.

आणि एक फास होता, ज्यात त्या काळचा प्रत्येक जण अडकलाय. पीएचपी ४ मध्ये ऑब्जेक्ट दुसऱ्याला दिला की मूळ ऑब्जेक्ट जात नसे, त्याची प्रत जात असे. मूळच द्यायचा तर तसं सांगणारं एक चिन्ह आवर्जून टाकावं लागे. ते विसरलं की काय व्हायचं? तुम्ही मॉक तयार केला, ऑब्जेक्टला दिला, ऑब्जेक्टच्या हाती गेली मॉकची प्रत. निरोप आले ते प्रतीला. टेस्टच्या शेवटी तुम्ही मूळ मॉकला विचारता, 'किती निरोप आले रे?' तो बिचारा सांगतो, 'एकही नाही.' कोड बरोबर, टेस्ट नापास, आणि माणूस रात्री उशिरापर्यंत कोडमध्ये चूक शोधतोय. तोतयाचा तोतया! जुलै २००४ मध्ये पीएचपी ५ आलं, ऑब्जेक्ट मूळ रूपात जाऊ लागले, इंटरफेस आले, आणि हा फास सुटला. सेबास्टियन बर्गमनच्या पीएचपीयुनिटनंही पुढे मॉकची सोय आत घेतली, आणि हळूहळू तेच या भाषेचं प्रमाण साधन झालं.

त्याच २००४ च्या जानेवारीत मार्टिन फाउलरनं 'डिपेंडन्सी इंजेक्शन' या नावाचा लेख लिहिला. ऑब्जेक्टनं आपले सहकारी स्वतः शोधू नयेत, ते त्याला बाहेरून दिले जावेत, ही कल्पना. सार्डिनियाच्या निबंधात ती मॉक घुसवण्याच्या निमित्तानं होतीच. आता तिला नाव मिळालं, स्प्रिंगसारखी फ्रेमवर्क त्यावर उभी राहिली, आणि वेबचा सगळा नकाशा बदलला. ब्राउझरच्या बाजूलाही तेच. २०१० मध्ये आलेल्या अँग्युलरजेएसमध्ये सहकारी बाहेरून देण्याची व्यवस्था मुळातच होती, आणि सर्व्हरच्या जागी उभा राहणारा तोतया सोबत मिळत होता. मॉकनं वेबच्या रचनेला दिलेली ही खरी देणगी. तिचं श्रेय द्यायलाच हवं, कारण पुढे आम्ही जरा कडवट बोलणार आहोत.

मॉक तयार करणं जसजसं सोपं झालं तसतसा शब्दांचा गोंधळ वाढला. कोणताही नकली ऑब्जेक्ट म्हणजे मॉक, असं लोक म्हणू लागले. फाउलरनं २००४ मध्ये एक लेख लिहून 'मॉक म्हणजे स्टब नव्हे' असं बजावलं आणि २००७ मध्ये तो बराच वाढवून पुन्हा लिहिला. फरक सोपा आहे. विचारलं की ठरलेलं उत्तर देतो तो स्टब. आपल्याला काय सांगितलं गेलं याचा हिशेब ठेवतो आणि चुकलं तर नापास करतो तो मॉक. २००७ मध्येच जेरार्ड मेझारोसचं टेस्टच्या पॅटर्नवरचं जाडजूड पुस्तक आलं, त्यात या सगळ्या कुळाला 'टेस्ट डबल' असं नाव दिलं. सिनेमात नायकाच्या जागी गच्चीवरून उडी मारणारा जो डबल, त्यावरून. डमी, स्टब, स्पाय, मॉक, फेक, असे पाच प्रकार त्यानं पाडले. वर्गीकरण चांगलं आहे, पण खरं सांगायचं तर आजही कचेरीत सगळे सगळ्याला मॉकच म्हणतात.

फाउलरच्या लेखानं दोन घराणी मात्र स्पष्ट केली. एक जुनं घराणं. शक्य तिथे खरेच ऑब्जेक्ट वापरा आणि शेवटी निकाल काय आला ते बघा. बेकनं डेट्रॉइटकडे क्रायस्लर कंपनीच्या पगाराच्या प्रणालीवर काम केलं होतं, त्यावरून याला डेट्रॉइट घराणं म्हणतात. दुसरं लंडन घराणं, निरोपांवर नजर ठेवणारं. गाण्यातल्या घराण्यांसारखंच आहे हे. मूळ गुरूंमध्ये वैर नव्हतं, शिष्यांनी वाढवलं.

२००८ च्या सुमारास मॉकिटो आलं. पोलंडच्या श्चेपान फाबरनं लंडनमध्ये काम करताना ते ईझीमॉकमधून फोडून काढलं, आणि नाव ठेवलं मोहितो या पेयाशी यमक जुळवून. त्याआधी मॉकला काय काय होणार ते आधी पढवावं लागे. मॉकिटोत आधी काम होऊ द्यायचं आणि नंतर हवं तेवढंच विचारायचं. वापरायला इतकं सुटसुटीत की मॉक करणं ही विचार करण्याची गोष्टच राहिली नाही. आता त्रास हाच रचना बिघडल्याचा इशारा आहे असं जर मूळ मंडळी म्हणत होती, तर त्रास नाहीसा करणारं साधन इशाराही नाहीसा करणार, नाही का? मॉकिटोला दोष द्यायचा नाही, ते फार नेटकं साधन आहे. पण आमच्या पिढीनं तंत्र शिकलं ते या टोकाकडून.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. पुण्या-मुंबईत बाहेरच्या देशांतल्या ग्राहकांसाठी कामं करताना आमच्यातल्या अनेकांना टेस्ट भेटल्या त्या करारातल्या आकड्याच्या रूपात. 'कोडच्या ८० टक्के ओळी टेस्टखाली आल्या पाहिजेत.' तारीख जवळ आली की रात्रीत आकडा वाढवायचा सगळ्यात सोपा मार्ग कोणता? सगळे सहकारी मॉक करायचे आणि मेथड नुसती पळवायची. ओळी हिरव्या होतात. आम्हीही हे केलंय, आज या मंचावर कबूल करायला लाज वाटत नाही म्हणण्यापेक्षा, थोडी वाटतेच. परताव्याची ती टेस्ट अशाच एका रात्री लिहिली गेली होती.

तोतया किती आज्ञाधारक असू शकतो याचा एक नमुना पायथनमधला. पायथनचं मॉक हे साधन २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीपासून भाषेतच आलं. तिथला मॉक कोणत्याही नावाच्या मेथडला 'हो' म्हणतो. त्यामुळे निरोप आला का हे तपासणाऱ्या मेथडचं नाव टाइप करताना एक अक्षर चुकलं, तर मॉकला वाटायचं की ही आणखी एक मेथड, चला, हो म्हणू या. तपासणी व्हायचीच नाही आणि टेस्ट पास! शेवटी ३.५ आवृत्तीत अशी सोय केली की 'असर्ट'नं सुरू होणारं अनोळखी नाव आलं तर मॉकनं तक्रार करावी. एवढंच नाही, घाईत अक्षरं उलटी पडून होणारं 'अस्रेट'सुद्धा त्यात धरलं. जगभरच्या प्रोग्रामरांची बोटं कुठे घसरतात याची ती सरकारी नोंदच म्हणायची.

याची प्रतिक्रिया उमटणारच होती. एप्रिल २०१४ मध्ये रूबी ऑन रेल्सचा जनक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यानं शिकागोच्या रेल्स परिषदेत आणि लगोलग लेखांतून तोफ डागली. केवळ टेस्ट जलद व्हाव्यात म्हणून सरळ वेब कोडमध्ये थरावर थर घातले जातात, ही टेस्टमुळे झालेली रचनेची हानी आहे, असं त्याचं म्हणणं. डेटाबेसला हात लावून टेस्ट करा, काही बिघडत नाही. पुढच्या काही आठवड्यांत तो, फाउलर आणि बेक यांच्यात व्हिडिओवर जाहीर चर्चा झाल्या. त्यात बेकनं सांगितलं की तो स्वतः जवळजवळ काहीच मॉक करत नाही. ज्याच्या साधनावर हा सगळा डोलारा उभा, तोच असं म्हणतोय म्हटल्यावर अनेकांना धक्का बसला. ज्यांना डेट्रॉइट घराणं माहीत होतं त्यांना बसला नाही.

हॅन्सनचं आम्हाला अर्धं पटतं. त्यानं दाखवलेली हानी खरी आहे, आम्ही ती पोसलीय. पण तो ज्या मॉकवर बोलत होता तो डेटाबेस टाळण्याचा मॉक होता. नोलनच्या अटीतून निघालेल्या मॉकबद्दल त्या वादात फारसं कोणी बोललंच नाही. फ्रीमन आणि प्राइस यांनी २००९ मध्ये अख्खं पुस्तक लिहून ते मांडलं होतं, तरीसुद्धा.

राहता राहिला आमचा प्रश्न: तोतया आणि खरा यांच्यात फारकत झाली तर कळणार कसं? यावरही काम झालं. खऱ्या क्लासमध्ये नसलेली मेथड मॉकवर मागितली तर टेस्ट पाडणारे मॉक आले. रूबीच्या आरस्पेकनं २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती सोय दिली. ऑस्ट्रेलियात २०१३ मध्ये पॅक्ट नावाचं साधन निघालं. तुम्ही सेवेचा तोतया वापरून टेस्ट लिहा, त्यात ज्या अपेक्षा धरल्या त्यांचा करारनामा तयार होईल, आणि तोच करारनामा सेवा चालवणाऱ्यांनी आपल्या खऱ्या सेवेवर पळवून बघायचा. पण यासाठी पलीकडच्यानं सहकार्य करावं लागतं. एका लहान दुकानासाठी कोणताही पेमेंट गेटवे आमचा करारनामा पळवून बघणार नव्हता.

तेव्हा आम्ही २००४ च्या त्या कलमाकडे गेलो. 'परतावा देणारा' अशी आमच्या मालकीची एक भूमिका लिहिली. ती नुसता आकडा घेत नाही, 'रक्कम' नावाचा ऑब्जेक्ट घेते, ज्याला आपण रुपयांत आहोत की पैशांत हे ठाऊक असतं. बाकीच्या सगळ्या कोडच्या टेस्टमध्ये मॉक होतो तो फक्त या भूमिकेचा. ती भूमिका वठवणारा, गेटवेशी प्रत्यक्ष बोलणारा एक पातळसा क्लास आहे, चाळीसेक ओळींचा. त्याच्या टेस्टमध्ये मॉक नाही. रोज रात्री दोन वाजता तो गेटवेच्या चाचणी सर्व्हरशी खरंखुरं बोलतो, पैसे भरतो, परत मागतो, आणि परत आलेली रक्कम ताडून बघतो. या टेस्ट हळू आहेत, कधी नेटवर्कमुळे उगाच पडतात, आणि सकाळी आल्यावर त्या बघायचा कंटाळा येतो. पहिल्याच वर्षात त्यांनी दोनदा गेटवेकडचा बदल आम्हाला ग्राहकाच्या आधी सांगितला.

कमी पैसे मिळालेले एकूण एकोणीस ग्राहक निघाले. त्यांचे उरलेले पैसे त्याच आठवड्यात गेले, मालकांनी प्रत्येकाला स्वतः फोन केला. रात्री दोनच्या यादीत पहिली जी टेस्ट आहे, तिच्यातली रक्कम आम्ही अजून बदललेली नाही. ४५० रुपयेच आहे.